गोडीचा रकाना

“गेलं पुन्हा,” मी म्हणाले.

“कुठं गेलं?” सिद्रामप्पांनी चष्मा कपाळावर चढवून पडद्याकडे पाहिलं.

“कुठे नाही गेलं. जिथे होतं तिथेच थिजलंय.”

“मग गेलं कशाला म्हणायचं, मॅडम? हाय की जाग्यावर.”

मंगळवारची सकाळ, साडेदहाची वेळ आणि ही पाचवी खेप. गणिताचं बटण दाबलं की बाणाच्या जागी वाळूचं घड्याळ यायचं, दोनचार कोलांट्या मारायचं, मग सगळी खिडकी पांढुरकी व्हायची आणि वरच्या पट्टीवर अक्षरं उमटायची की हा प्रोग्रॅम प्रतिसाद देत नाही. त्यानंतर माउस हलवा, कळा बडवा, काही उपयोग नाही. संगणकच बंद करायचा, चालू करायचा आणि पुन्हा तिथेच येऊन आपटायचं.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. सोलापूरच्या बाजूला, ज्वारीच्या रानात, कृषी विद्यापीठाच्या एका छोट्या संशोधन केंद्रात मी सांख्यिकी सहायक म्हणून लागले होते. अकरा महिन्यांच्या करारावर. मी नाशिकची, संख्याशास्त्रात सुवर्णपदक मिळवलेली. ते पदक मी गळ्यात घालत नव्हते, पण बोलण्यात घालायची. केंद्रात संख्याशास्त्राचं ते सॉफ्टवेअर एकाच संगणकावर होतं, त्याचा परवाना एकच होता आणि ते चालवता येणारं माणूसही एकच, म्हणजे मी. तेव्हा ते थिजलं की सगळं केंद्र माझ्या तोंडाकडे बघायचं.

आणि त्या आठवड्यात बघायला कारणही तसंच होतं. आमचे प्रमुख डॉ. शहाजी उबाळे यांनी अकरा वर्षं खपून हुरड्याच्या ज्वारीचा एक नवा वाण तयार केला होता. कागदावर त्याला नाव नव्हतं, नुसता क्रमांक होता, पण सर त्याला ‘पोरगी’ म्हणायचे. नवीन वाणांना मान्यता देणारी समिती वर्षातून एकदाच बसायची, आणि ती गुरुवारी अकरा वाजता मुख्यालयात बसणार होती. मुख्यालय सहा तासांवर. म्हणजे बुधवारी दुपारी चारला जीप निघायला हवी आणि जीपमध्ये सरांच्या मांडीवर माझे तक्ते हवेत. तक्ते नसले तर विषय पत्रिकेवरून आपोआप खाली. पुढच्या वर्षी मांडू म्हणावं, तर सर त्याच महिनाअखेर निवृत्त होत होते. साहेब गेला की त्याच्या बियाण्याच्या पिशव्या शीतगृहाच्या मागच्या फळीवर जातात आणि तिथून परत येत नाहीत, हे केंद्रातल्या प्रत्येकाला माहीत होतं.

त्यात पोरगीची एक अडचण होती. तिचं उत्पन्न बेताचं. उंचीही काही डोळ्यांत भरण्यासारखी नाही. तिच्याकडे सांगण्यासारखं होतं ते एकच, गोडी. नऊ केंद्रांवर तीन वर्षं बारा वाणांची कोवळी कणसं तोडून, दाण्यांतली साखर प्रयोगशाळेत मोजून, दोन दशांश स्थळांपर्यंतचे आकडे गोळा केले होते. तीन हजार दोनशे चाळीस आकडे. ते सगळे एका रकान्यात होते, आणि पोरगी बाकीच्या अकरा जणींपेक्षा खरोखर गोड आहे की आपल्याला तसं वाटतंय, हे त्या एका रकान्यावरून ठरायचं होतं.

“काय म्हणतंय यंत्र?” उबाळे सर दारातून डोकावले. अंगात अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, खिशात कायम मूठभर हुरडा.

“सॉफ्टवेअर अडकतंय सर. मी कंपनीला मेल टाकलाय.”

“कंपनी काय म्हणते?”

“तीन कामाच्या दिवसांत उत्तर देतो म्हणते.”

सरांनी बोटांवर मोजलं. “म्हणजे मंडळी पोरगी नापसंत करून गेल्यावर.” आणि हसून हुरडा पुढे केला. “घ्या. डोकं चालतं त्यानं.”

डोकं चालायला हुरडा लागत नाही असं काहीतरी मी मनात म्हणाले असेन. पण खाल्ला. गोड होता, त्याबद्दल वाद नव्हता.

सगळी आकडेवारी संगणकात भरली होती ती सिद्रामप्पांनी. सिद्रामप्पा म्हेत्रे, वय वर्षं छपन्न, आमचे लिपिक. आयुष्यभर वहीत आकडे लिहिलेला माणूस. अक्षर असं की छापल्यासारखं. वही गेली आणि संगणक आला तेव्हा बाकीचे लिपिक कुरकुरले, अप्पा मात्र एका बोटाने एकेक कळ दाबत शिकले. त्यांना शिकवताना मी जो शिस्तीचा बडगा उगारला होता तो आठवला की आजही कान गरम होतात. देवनागरी आकडे बंद करायला लावले. लाल-हिरवे मथळे बंद. ठळक अक्षरं बंद. पानाच्या डोक्यावरचं श्री बंद. एककं शेजारी लिहिणं बंद. अप्पा प्रत्येक वेळी “बरं मॅडम” म्हणायचे. कधी उलटून बोलले नाहीत. मला वाटायचं, आपल्या शिकवण्याचा परिणाम.

दुपारी बारा वाजता गावातून मुजावरभाई आले. ते पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे, मग टीव्ही, आता संगणक. सामानाची पेटी तीच. त्यांनी संगणकाचा डबा उघडला, आतली धूळ फुंकली, त्या धुळीने स्वतःच दोनदा शिंकले आणि म्हणाले, “मॅडम, ह्याचा श्वास कोंडलाय.”

“व्हायरस असेल का?”

“बघतो की. व्हायरस असंल तर निघंल, नसंल तरी निघंल.”

व्हायरस निघाले. चौदा. मुजावरभाईंनी ते अभिमानाने मोजून दाखवले. मी बटण दाबलं. घड्याळ, दोन कोलांट्या, पांढुरकी खिडकी.

मग त्यांनी स्मरणशक्तीची, म्हणजे रॅमची, एक पट्टी जास्तीची बसवली. पुन्हा थिजलं. डबा टेबलाखालून काढून खिडकीत वाऱ्याला ठेवला. थिजलं. अप्पांनी कोपऱ्यातला टेबलपंखा आणून डब्यावर रोखला. जानेवारीच्या थंडीत मी शाल गुंडाळून बसले आणि ते गारेगार यंत्र पुन्हा थिजलं. दसऱ्याला पडद्याच्या चौकटीला लावलेलं हळदीकुंकू अजून होतं. अप्पांनी त्यावर बोट टेकून ते हळूच कपाळाला लावलेलं मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

“एक इचारू का?” मुजावरभाई चहा पिताना म्हणाले. “यंत्रात दोष नसंल तर? आत घातलेल्या मालात असंल तर?”

“माल म्हणजे?”

“तुमचे आकडे.”

“आकडे मी स्वतः तपासलेत,” मी जरा तोऱ्यातच म्हणाले. “सत्तावीस पानं आली होती, नऊ केंद्रांची, तीन वर्षांची. ती एकाखाली एक जोडून एक मोठं पान मी केलंय. तक्त्याच्या साध्या प्रोग्रॅममध्ये सरासऱ्या काढून पाहिल्यात. सगळ्या बरोबर येतात. दोष आकड्यांत नाही.”

अप्पा खाली मान घालून बशीतला चहा फुंकत होते. त्यांना बहुतेक वाटलं असावं की विषय त्यांच्या टंकनावर आलाय.

“अप्पांनी एकही चूक केलेली नाही,” मी त्यांच्यासाठी म्हणून जोडलं. हे खरंही होतं. तीन हजार दोनशे चाळीस आकड्यांपैकी मी शंभर निवडून मूळ वहीशी ताडून पाहिले होते आणि शंभरच्या शंभर जुळले होते. तसा लिपिक मला पुढे कधी भेटला नाही.

मुजावरभाई गेल्यावर मी शेवटचा उपाय काढला. अख्खं सॉफ्टवेअर उडवून नव्याने बसवलं. त्यात चार तास गेले. पाच वाजायला आले तेव्हा मी पुन्हा बटण दाबलं आणि ते नवंकोरं सॉफ्टवेअर नव्या जोमाने थिजलं. त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये मला रडू आलं. सर ओरडले असते तर बरं वाटलं असतं, पण ते ओरडले नव्हते. “उद्या बघू की,” एवढंच म्हणाले होते, आणि त्यांच्याकडे तेवढा एकच उद्या होता.

बुधवारी मी आठलाच आले. साडेअकरापर्यंत आणखी सात वेळा थिजवून झालं. जीप पोर्चमध्ये येऊन उभी राहिली होती. चालक टायर तपासत होता.

सर आत आले, खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. खिशातला हुरडा काढून टेबलावर कागदावर ठेवला.

“मॅडम, मला तुमच्यातलं काही कळत नाही. पण एक विचारतो. रानात पीक वाळायला लागलं की आम्ही आधी बघतो, सगळं रान वाळतंय का एखादाच वाफा. हे यंत्र सगळ्याच रकान्यांना असं करतं का एकट्या गोडीलाच?”

गेल्या सव्वा दिवसात मी दुसरा कुठला रकाना चालवूनच पाहिला नव्हता. पाहणार कशाला? हवी होती ती गोडी. सुवर्णपदकवालीला दुसरं काही सुचलंच नव्हतं.

“उंची घेऊन बघा,” सर म्हणाले.

उंचीचा रकाना निवडला, बटण दाबलं. घड्याळाने एक कोलांटी मारली आणि तक्ता समोर. तीन सेकंद.

“उत्पन्न.”

तीन सेकंद.

“फुलोऱ्याचे दिवस.”

तीन सेकंद.

“आता गोडी.”

पांढुरकी खिडकी.

“जमीन चांगली आहे,” सर खुर्चीत मागे रेलून म्हणाले. “यंत्र चांगलं आहे. रोग वाफ्यात आहे.”

मी संगणक पुन्हा चालू केला आणि या वेळी बटणाला हातच लावला नाही. रकान्यांची यादी उघडली, जी कुठल्याही विद्यार्थ्याने पहिल्या मिनिटाला उघडावी. उंचीपुढे अंकाचं चिन्ह. उत्पन्नापुढे अंकाचं चिन्ह. गोडीपुढे अक्षराचं. म्हणजे हे सॉफ्टवेअर गोडीच्या आकड्यांना आकडे समजतच नव्हतं. बारा पूर्णांक एकेचाळीस हे त्याला नाव वाटत होतं, जसं गंगूबाई किंवा शिवलिंग. अशी हजारएक वेगवेगळी नावं त्या रकान्यात होती आणि ते बिचारं दर वेळी त्या हजार जणांची प्रत्येक वाणाशी, प्रत्येक केंद्राशी, प्रत्येक वर्षाशी ओळख करून देत बसत होतं. ते थिजलं नव्हतंच मुळी. कामात बुडालं होतं.

“सर, या रकान्यात कुठेतरी अक्षर आहे. तक्त्याचा साधा प्रोग्रॅम सरासरी काढताना अक्षर सोडून देतो, हा देत नाही.”

“कुठं?”

खाली एकूण ओळींची संख्या होती. तीन हजार दोनशे सदुसष्ट. सत्तावीस जास्त. हा आकडा मी कालही पाहिला होता आणि पानं जोडताना मध्ये राहिलेल्या मोकळ्या ओळी असतील म्हणून सोडून दिला होता. आता पहिल्या ओळीवर गेले. सगळे रकाने रिकामे. गोडीच्या रकान्यात मात्र चार प्रश्नचिन्हं.

“????”

एकशे बाविसाव्या ओळीत पुन्हा चार. दोनशे त्रेचाळिसाव्या ओळीत पुन्हा चार. प्रत्येक जोडलेल्या पानाच्या सुरुवातीला एकदा. सत्तावीस पानं, सत्तावीस वेळा.

“हे कोण विचारतंय आपल्याला?” सर म्हणाले.

“या सॉफ्टवेअरला मराठी वाचता येत नाही सर. न कळलेल्या दर खुणेला ते प्रश्नचिन्ह टाकतं.”

मी अप्पांनी भरलेलं मूळ पान उघडलं. पहिली ओळ कोरी. गोडीचा रकाना, कोरा. मी त्या कोऱ्या चौकोनावर माउस टेकवला आणि पडद्याच्या वरच्या पट्टीत, जिथे चौकोनात खरोखर काय आहे ते दिसतं, तिथे एकच जोडाक्षर उमटलं, यंत्राच्या लेखी चार खुणांचं.

श्री.

सगळं पान एकदम निवडलं तसं ते निळं झालं आणि त्या निळ्यात पांढरं श्री स्वच्छ दिसलं. पानाच्या बरोबर मध्यावर. आणि सात रकान्यांच्या पानाचा मधला रकाना होता गोडीचा.

सरांनी वाकून ते वाचलं. मग दाराकडे वळून त्यांनी हाक मारली, “अप्पा, जरा या हिकडं.”

अप्पा आले, पडद्याकडे पाहिलं आणि जागच्या जागी उभे राहिले. निळ्या पानावरचं आपलंच अक्षर त्यांनी लगेच ओळखलं.

“अप्पा, हे तुम्ही लिहिलंत?” मी विचारलं.

“व्हय.”

“मी काढायला सांगितलं होतं ना?”

“व्हय मॅडम. तुमी म्हणला, हे संशोधन हाय, लग्नाची पत्रिका न्हाई, मला हे पानावर दिसता कामा नये.” माझं वाक्य त्यांनी शब्दन्‌शब्द, माझ्याच सुरात परत केलं. त्यात टोमणा नव्हता. त्यांना ते तसंच पाठ झालं होतं. “मग म्या काढलं. आन् आकडं भराया बसलो. पर बोटच उठंना. चौतीस वर्सं हातानं पान उघडलं की आधी श्री, मग आकडा. त्येच्याबिगर लिवलेलं पान म्या जलमात पुढं सारलं न्हाई. मग त्या मुजावरला इचारलं, त्येनं अक्षराचा रंग बदलाया शिकवला. म्हणलं, पांढऱ्यावर पांढरं लिवू. मॅडमला दिसायचं न्हाई, त्यांना तरास न्हाई. आन् ज्येला दिसायला पायजे त्येला दिसतं की.”

अप्पा सरांकडे वळले. “सायेब, माझ्यापायी पोरगी राहिली का?”

“राहिली कुठं, अजून साडेबाराच वाजलेत,” सर म्हणाले.

मला लाज वाटत होती. त्या माणसाने शंभरात शंभर आकडे बरोबर भरले होते, आणि ते तसे भरता यावेत म्हणून त्याला जे एक अक्षर लागत होतं ते मी त्याला लपूनछपून लिहायला लावलं होतं. तेही लग्नपत्रिकेचा शेरा मारून.

“ठीक आहे,” मी म्हणाले. “सोपं आहे. सत्तावीस जागी पुसायचं, की झालं.”

पहिल्या चौकोनावर गेले. पुसायच्या कळीवर बोट ठेवलं. आणि बोट तिथेच राहिलं.

मी देवभोळी नव्हते, आजही नाही. परीक्षेला जाताना दहीसाखर खायलाही मी नकार द्यायची. पण नऊ केंद्रांची तीन वर्षं, सरांची अकरा वर्षं आणि अप्पा शेजारी हात जोडून उभे. अशा वेळी श्री पुसायचं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं.

“दाबा की,” सर म्हणाले.

“तुम्ही दाबता, सर?”

सर चटकन खुर्ची मागे सरकवून उठले. “मी कशाला? उद्या माझा निकाल आहे. मी आजच्या दिवशी असलं काही करत नसतो.”

तेवढ्यात आपली जास्तीची पट्टी परत न्यायला मुजावरभाई आले. त्यांना सगळं सांगितलं तर ते पोट धरून हसले, आणि मग हसू आवरून दोन पावलं मागे सरकले. “मला सांगू नका बरं. माझ्या दुकानाच्या गल्ल्यावर दिवाळीला अप्पाच श्री काढून जातात, ते सुदीक म्या कधी पुसलं न्हाई. आपोआप जाईल तवा जाईल.”

एक डॉक्टरेट, एक सुवर्णपदक आणि एक तंत्रज्ञ, तिघं त्या कळीभोवती उभे होतो आणि एकाचंही बोट खाली जात नव्हतं. बाहेर जीपच्या चालकाने एकदा हॉर्न वाजवून पाहिला.

शेवटी अप्पाच पुढे झाले.

“मॅडम, पुसायचं कशाला? हलवायचं. गणपती आपण मोडतो का? उत्तरपूजा करतो आन् हलवतो. ह्येला दुसरी जागा द्या.”

इतकं सरळ उत्तर माझ्या एकाही पुस्तकात नव्हतं. मी जोडलेल्या मोठ्या पानाच्या फाइलमध्ये एक नवं कोरं पान उघडलं आणि त्या पानाला नाव दिलं ‘श्री’. “अप्पा, हे पान तुमचं. इथे एकही आकडा येणार नाही. इथे काय हवं ते, हव्या त्या रंगात लिहा. मी पाहणार नाही आणि विचारणारही नाही.”

अप्पांनी बाहेर जाऊन नळावर हात धुतले, शर्टाला पुसले आणि खुर्चीत बसले. एकेक श्री उचलून नव्या पानावर नेऊन ठेवायला लागले. एकाच वेळी सगळी उचलता येतात हे मी त्यांना सांगू शकले असते. सांगितलं नाही. दर वेळी त्यांचे ओठ हलत होते. सर मोठ्याने मोजत होते. “अकरा... बारा... सावकाश, अप्पा, धक्का लावू नका.” सत्ताविसावं जागेवर बसलं तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

“आता तुम्हीच दाबा,” आकडे सॉफ्टवेअरमध्ये नव्याने घेऊन मी अप्पांना म्हणाले.

“म्या? गणिताचं?”

“दाबा. डावीकडचं बटण.”

अप्पांनी दाबलं. घड्याळाने एक कोलांटी मारली. तीन सेकंद. तक्ता.

मी तो वरून खाली वाचला, मग खालून वर वाचला, कारण पहिल्यांदा माझा विश्वास बसला नाही. बाकीच्या अकरा वाणांत फारसा फरक नव्हता, आणि पोरगी त्या सगळ्यांच्या वर, स्पष्ट, एकटी. नऊच्या नऊ केंद्रांवर, तिन्ही वर्षी.

“सर, योगायोग नाही. खरोखर गोड आहे.”

“ते मला अकरा वर्षांपासून माहीत आहे,” सर म्हणाले, पण त्यांनी चष्मा काढला आणि खूप वेळ स्वेटरने पुसत राहिले. मुजावरभाईंनी टेबलावरच्या हुरड्याची मूठ उचलली. “मग आमी पण बघू की,” म्हणत तोंडात टाकली आणि मान डोलावली.

तीन वाजून वीस मिनिटांनी शेवटचा कागद छापून झाला. चाराला दहा कमी असताना जीप हलली. अप्पा फाटकापर्यंत चालत गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दीड वाजता फोन वाजला. मी उचलला. पलीकडे खूप गलका होता, त्यातून सरांचा आवाज आला. “दुसाने मॅडम, अप्पांना सांगा, पोरगी पसंत पडली. हुंडा नाही, मानपान नाही, फक्त गोडी बघितली.” मी अप्पांना सांगितलं. ते खुर्चीतून उठले, संगणकाच्या चौकटीवरच्या हळदीकुंकवाला हात लावला आणि उरलेलं टंकन करायला बसले.

पुढे सर निवृत्त झाले. पोरगी बघता बघता शेतात गेली. अप्पाही दोन वर्षांनी निवृत्त होऊन अक्कलकोटच्या बाजूला गावी गेले. मी त्याच विद्यापीठात कायम झाले, मग बदली होऊन शिकवायला लागले. कुठल्याही विद्यार्थ्याचं सॉफ्टवेअर थिजलं की मी आधी त्याचं सगळं पान निवडून निळं करायला लावते आणि पांढऱ्यात काही लपलंय का बघते. पोरांना तो माझा चक्रमपणा वाटतो.

गेल्या महिन्यात एका विद्यार्थिनीला हुरड्याच्या जुन्या आकडेवारीची गरज पडली. मी ती फाइल शोधून काढली. चौदा वर्षांनी उघडली. आकडे जिथल्या तिथे होते, आणि शेवटी ‘श्री’ नावाचं ते पान. मी शब्द दिला होता की पाहणार नाही, आणि तो पाळलाही होता. पण आता हात सवयीने चालतो. पान उघडलं. कोरं दिसलं. काही कळायच्या आत मी ते सगळं निवडून निळं केलं होतं.

वर सत्तावीस श्री, एकाखाली एक, ओळीत. त्यांच्याखाली एक चौकोन सोडून, त्याच पांढऱ्या अक्षरांत, तीन ओळी.

‘सरांची पोरगी उजवू दे.’

‘मशीनला बंद पाडू नको.’

‘दुसाने मॅडमला पर्मनंट कर. बोलायला तिखट हाय पर कामाला चोख हाय.’

मी कायम झाले ते त्या बुधवारनंतर अकरा महिन्यांनी. त्या मुलाखतीची गोष्ट मी आजवर शेकडो विद्यार्थ्यांना सांगितली आहे: कुणाची ओळख नव्हती, कुणाचा शब्द नव्हता, एकटीच्या हिमतीवर मिळवलं. माझ्यासाठी शब्द टाकणारा माणूस रोज समोरच्या टेबलावर एका बोटाने टंकन करत बसला होता, आणि जिने त्याला लग्नपत्रिकेवरून बोल लावला होता तिच्याचसाठी त्याने तो टाकला होता. डोळे पुसत मी बराच वेळ हसत होते. बाहेर ती विद्यार्थिनी थांबली होती.

मग मी कर्सर चौथ्या ओळीवर नेला. रंग पांढरा निवडला. आणि सरकारी रीतीप्रमाणे, अर्ज मिळाल्याची आणि मंजूर झाल्याची पोच लिहिली: ‘तिन्ही मिळालं, अप्पा. — दुसाने.’

संध्याकाळी अप्पांना फोन लावला. त्यांना कमी ऐकू येतं आता. मी दोनदा ओरडून सांगितलं की ते पान पाहिलं.

“पाह्यलं?” अप्पा पलीकडून हसले. “चालतंय की. तवा तुमाला दिसाया नको हुतं.”